तिसरी

चार हजार मीटरवर वाक्यं अर्ध्यात बसतात.
कबुघोची बसत नाहीत.
बुजुकूच्या दलदलीतून गमबूट उपसत ती पुढे,
पाठीवर माझे दाबकागद, स्टोव्ह, कसाव्याचं पीठ,
कपाळावर ओझ्याचा पट्टा
आणि तोंडानं अखंड चौकशी:
ह्या झाडांकडून तुला नक्की काय हवंय?

पान. अंगठ्याएवढा तुकडा.
पुडीत घालायचा; पुडीतले निळे खडे
त्यातलं पाणी पिऊन गुलाबी होतात.
मग खाली नेऊन विचारायचं त्याला,
कुणाचं रे तू?

झाडं धुक्यात उभी,
तीन पुरुष उंच, जाड, थोटी,
मेलेली पानंही न टाकता
गोधडीसारखी अंगाशी धरून.
इथे उन्हाळा रोज दुपारी येतो, हिवाळा रोज रात्री.
आत्ताच शेंड्याची पानं मिटायला लागलीत,
कोंब मुठीत घेऊन.
शेवंतीच्या कुळातली आहेत म्हटलं
तर कबुघो हसली.
शेवंती तिनं पाहिलेली नाही.
हसली ती माझ्या चिमटीला, एवढंसं फूल दाखवणाऱ्या.

रात्री कड्याखाली,
पाणी उकळेपर्यंत,
मी ताटलीतल्या पिठात डोंगर काढले.
हा किलिमांजारो. हा मेरू. ही अबरडेअरची रांग,
केनिया, एल्गॉन, विरुंगा,
आणि ताटलीच्या काठाला आपण, रुवेन्झोरी.
ही सगळी बेटं, म्हटलं. मधे समुद्र नाही,
मधे ऊन आहे.
गवत, गुरं, मका, बसथांबे,
जिथं हे झाड चार दिवस तगणार नाही.

मग आलं कसं?

वाऱ्यावर. माझ्या भाषेत
असल्या केसाळ बीला म्हातारी म्हणतात.
म्हातारी?
हो.
एकटी निघाली?
एकटीच.
आणि ओझं?
कणभर. पण घरदार सगळं त्यात.
दहा लाख वर्षांत मोजक्याच वेळा
एखादी म्हातारी नेमकी थंडीत उतरली.
आणि बाकीच्या?

स्टोव्हचा आवाज बराच वेळ.

म्हणजे किलिमांजारोचं थोरलं,
कबुघो म्हणाली, आणि आमचं शेंडेफळ.
हो म्हणणं सोपं होतं. थंडी होती, भूक होती.
पण नाही गं. तिथून निघाली, बहुतेक, हे खरं;
तिथं राहिली तीही तशीच राहिली नाहीत.
जी आई होती ती आता कुठल्याच डोंगरावर नाही.
आज जी जी उभी आहेत
ती सगळी शेंड्यावर. सगळीच शेंडेफळं.
आणि दोन फांद्या जिथं जुळतात
तिथं आम्ही एक टिंब काढतो.
टिंबाला नाव नसतं.

आमच्यात असतं, ती म्हणाली.

पहिली मुलगी मसिका. दुसरी बीरा.
तिसरी झाली की कबुघो; विचारावं लागत नाही.
मसिका नऊ दिवसांची गेली.
बीराला गोवर.
आईच्या हाताखाली मीच मोठी मग,
पाणी मी, धाकट्यांना मी,
पण मला मसिका नाही केलं कुणी.
तिसरी ती तिसरीच.
गावात कुणी हाक मारली
की तीन जणी वळतात.

तिनं बोट ओलं केलं,
आमच्या डोंगराच्या वर, अगदी काठाला,
दोन टिंबं टेकवली.

मी काही बोलले नाही.
माझ्या वहीत अशा जागी
नुसती रेघ लांबवतात.

पाणी उकळलं.
तिनं ताटली तिरपी केली:
एल्गॉन, केनिया, मधलं सगळं ऊन,
टिंबं, म्हातारी,
आणि दोन्ही हातांनी घोटायला घेतलं.
गोळा घट्ट झाला. चटका बसत होता.
मीठ विसरलं होतं.
बाहेर झाडांनी मुठी आवळून धरल्या होत्या
सकाळपर्यंत.