मानेवाड्यातली उंडी

हर्णै सोडलं तेव्हा
पर्सच्या चोरकप्प्यात सात बिया होत्या.
गाडीत शेजारची बाई म्हणाली, सुपारी का?
म्हटलं, उंडी.
असं का, म्हणाली,
आणि काच ओढून घेतली.

पेरण्याआधी बी फोडावी लागते,
दाराच्या सांध्यात धरून, हलकेच,
गराला धक्का न लावता.
बाबा हे बोलता बोलता करायचे.
मी तीन चेचल्या.
उरलेल्या चार कन्हानच्या रेतीत पुरल्या.
दोन महिने काहीच नाही.
मग एक.

डोमाजी मेश्राम भिंतीपलीकडून बोलले:
"संत्रा लावा जी सिस्टरबाई,
हे समुद्राचं लेकरू
नवतप्यात टिकत नसते."
मी संत्राही लावला.
मोगरा लावला.
उंडीवर रोज दुपारी जुनी साडी बांधली,
सत्तेचाळीसच्या उन्हात
तरी पानांच्या कडा करपल्याच.

मग कूलर.
दर रविवारी टाकी रिकामी करायची,
बोअरचं पाणी आठवडाभर फिरून फिरून
दाट झालेलं,
वाळ्यावर पांढरी पुटं,
बोट चाटलं तर जीभ आखडते.
ते फेकणार कुठे? बादलीने झाडांना घातलं.
संत्रा महिन्यात गेला.
मोगरा त्याआधीच.
उंडीनं दोन पानं काढली.
तांबूस, तेल लावल्यासारखी,
शिरा इतक्या जवळ जवळ आखलेल्या
की दुरेघी वहीत लिहायला शिकणाऱ्या पोराला
त्यात एक अक्षर बसवता येणार नाही.

म्हणजे हे चालतं तुला, म्हटलं.
मग पाणी तिचंच झालं.

मध्ये बरीच वर्षं आहेत,
त्यांत सांगण्यासारखं नाही.
मेडिकलच्या पाळ्या, रस्त्याचं सिमेंट,
एकदा महावितरणवाल्यांनी शेंडा छाटला
आणि मी दोन दिवस जेवले नाही
हे कोणाला सांगितलं नाही.

अकराव्या हिवाळ्यात रात्रपाळी करून आले
तर कोपऱ्यावरच वास.
डोमाजी मफलर गुंडाळून फाटकात उभे:
"कोणाकडं पूजा आहे काय?"
मी वर बोट दाखवलं.
पांढरी फुलं, मधे पिवळ्या धाग्यांचा पुंजका.
ते बराच वेळ बघत राहिले.
संत्र्याचा विषय त्यांनी परत काढला नाही.

फळं गच्चीवर वाळवली,
आत गर खुळखुळेपर्यंत.
इतवारीतला घाणेवाला म्हणाला,
"खायचं तेल हाय?"
नाही, विषारी आहे.
दिव्याला चालतं, सांध्यांना, होडीला.
"होडीले? नागपुरात?"
घाणा बाटेल म्हणाला,
मग मंगळवारी, घाणा धुवायच्या आदल्या संध्याकाळी,
काढून दिलं.
पाऊण बाटली. काळपट हिरवं,
उजेडासमोर धरल्याशिवाय हिरवं कळत नाही.

थोडं डोमाजींच्या गुडघ्याला.
"वास बेकार हाय," म्हणाले,
आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आले.
थोडं दिव्यात. धूर फार झाला.

कोजागिरीच्या आधी कूलर उतरवला.
अंगणात टाकी पालथी घातली,
लोखंडाचं पोट वर.
गल्लीत सगळे आतून डांबर मारतात.
मी बनियनचं फडकं घेतलं,
गुडघ्यांवर बसले,
आणि उरलेलं तेल चोळू लागले,
आधी सांधे, मग कडा, मग मधला भाग,
बाबा वाळूत ओढलेल्या होडीखाली
ज्या क्रमानं शिरायचे त्या क्रमानं,
बोलता बोलता नाही मात्र.
मला अजून गप्प राहूनच जमतं.

"काहून एवढं चोळता जी," भिंतीवरून आवाज,
"लोखंडच ते."
गंज धरू नये म्हणून, म्हटलं.

ऊन उतरलं होतं.
पत्रा अजून कोमट होता.