लेबलावर एकच नाव

धक्क्यावर बर्फ होता, आणि दुकानाचं दार
रोविना पाईकनं खांद्यानं ढकललं;
हात खिशातून निघत नव्हते.
मार्च महिना. न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
मार्चला वसंत म्हणणारे लोक राहत नाहीत.

फडताळावरून तिनं सुजेवरच्या गोळ्यांचं पाकीट उचललं,
काउंटरवर ठेवलं, सुट्टे पैसे मोजले.
सहा वर्षं ओळखते मी तिला,
खेकड्यांच्या कारखान्यात ओल्या फरशीवर
ती पाठीवर आपटली तेव्हापासून.
दर अठ्ठावीस दिवसांनी येते, नारिंगी डबी पुढे करते,
हवापाण्याचं बोलते, जाते.
या खेपेला डबी काढलीच नाही.

वरच्या ओठावर घाम. बाहेर उणे नऊ.
जांभईवर जांभई, नाकातून पाणी,
मनगटावर काटा, पिसं काढलेल्या कोंबडीसारखा.
"किती दिवस झाले बंद करून?"
पाकिटाकडेच बघत म्हणाली, "परवापासून."
मग बऱ्याच वेळानं,
"दिवस गेलेत मला."

मागे एल्व्हिना स्ट्रिकलंड
खोकल्याच्या बाटल्या न्याहाळत, कान लांब करून उभी.
मी म्हटलं, एल्व्हिना, दुकान पाच मिनिटं बंद आहे.
ती गेली. आता गावभर होईल,
पण पाच मिनिटं तरी मिळाली.

हे बघ रोविना,
मी गोळ्या मोजणारी बाई, डॉक्टर नव्हे,
पण एवढं पक्कं ठाऊक आहे:
ही गोळी अशी एका रात्रीत तोडायची नसते.
तुला होतंय ते तुझ्या एकटीपुरतं राहत नाही.
तू अशी थरथरलीस की
ज्याला अजून धड अंगही नाही, तेही हिंदकळतं.
आणि ते पाकीट दे इकडे.
चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून साधं नसतं,
तुझ्या अवस्थेत विचारल्यावाचून तर नाहीच.

ती रडली नाही. चिडली.
"म्हणजे घेतली तरी वाईट, सोडली तरी वाईट?
सासू म्हणते, आईनं सोसायचं असतं."
तिच्या सासूचे गुडघे मला माहीत आहेत,
त्या गुडघ्यांसाठी ती काय काय नेते तेही.
बोलले नाही. धंद्याचा नियम.

फोन लावला. डॉक्टर ओकीफ खाडीपलीकडे,
वाऱ्यापायी फेरीबोट बंद.
तिसऱ्यांदा उचलला.
मी सांगितलं, मग रिसीव्हर रोविनाकडे दिला.
तिनं तो दोन्ही हातांनी धरला, गरम कपासारखा.
हो म्हणाली. नाही म्हणाली, दारू नाही.
झोपेची? कधीमधी. नवऱ्याची.
मग नुसतं ऐकत राहिली.

ठरलं त्यात थोर असं काही नव्हतं:
आजची गोळी आज, डॉक्टर म्हणाले तेवढीच,
झोपेची अजिबात नाही.
गुरुवारी, बोट चालली तर, तपासणी;
कमी करायची की बदलायची
ते तिथं, तिच्यासमोर, सावकाश.
आणि बाळंतपण जिथं होईल तिथल्या नर्सना आधीच कळवायचं,
म्हणजे बाळाला काही दिवस ठेवून घेतील,
बघतील किती थरथरतं, किती दूध पितं.
"सगळं सांगायचं? त्यांना?"
हे तिनं दोनदा विचारलं.

लेबल छापलं.
नावाला एकच ओळ असते त्यावर;
दोन जिवांची बाई यंत्राला कळत नाही.
खाली जागा होती तिथं पेनानं लिहिलं:
सात दिवसांपुरत्या.

"विश्वास नाही माझ्यावर?"
खरं उत्तर होतं, थोडा कमी.
मी म्हटलं, "दर आठवड्याला दिसशील तरी."
तेही खरंच होतं.

दार उघडून एल्व्हिना आत आली, टोपीवर बर्फ,
आणि खोकली. छातीतून, खोलवर.
खोकला तरी खरा होता बाईचा.