वर्णेकर कंपनी

जर्मनीत तिचं नाव वेर्नेके.
दांडिया बाजारात पोचेपर्यंत त्याचं वर्णेकर झालं,
आणि आई लग्न होऊन बडोद्यात आली तेव्हा
कित्येक महिने समजत होती
की यांचे मालक मूळचे कारवारकडचे.

आमचं आडनाव पागेदार.
खापरपणजोबा सरकारी पागेत घोडे मोजत.
बाबाही घोडेच मोजायचे, मकरपुऱ्याच्या स्टोअरमध्ये:
तीनचे, पाचचे, साडेसातचे, दहाचे,
हिरवे, ग्रीसचा वास येणारे,
दाणावैरण न मागणारे.

पहिला पंप आला संस्थानच्या काळात.
मुंबईहून आगगाडीनं, पुढे बैलगाडीनं,
पाइनच्या पेटीत, लाकडाच्या भुश्शात झोपून.
सोबत एक माणूस, क्लोपसाहेब.
त्यानं विहिरीत वाकून पाहिलं
आणि पागोट्यांच्या त्या सगळ्या गर्दीसमोर
बूट काढून ठेवले.
का, ते बाबांना सांगता येत नसे.
पण गोष्ट सांगताना ते इथे थांबत,
जणू त्यांनाही वाकून पाहायचं असे.

मग लढाई.
रावपुऱ्यातल्या कचेरीला लाख लागली: शत्रूची मालमत्ता.
एजंट होते नौशेरवानजी.
पगार बंद, किल्ली सरकारात,
तरी दर पहिल्या तारखेला टांग्यानं येऊन
बाहेरची पाटी रुमालानं पुसत
आणि घरी जाऊन खतावणीत लिहीत:
अमुक पाटील, पादरा, येणे एकशे दहा.
तमुक गिरणी, येणे साडेनऊशे.
तेरा वर्षं.
बावन्नमध्ये कंपनी परत आली,
त्यांनी खतावणी टेबलावर ठेवली.
कंपनीनं त्यांना एक घड्याळ दिलं.
ते बडोद्याच्या उन्हात रोज चार मिनिटं पुढे पळे.

मग शेड, भोंगा, सायकलींची रांग.
बाबांना अठराशे सुटे भाग पाठ.
इंपेलर चव्वेचाळीस-सतरा.
ग्लँडची दोरी नऊ-शून्य-दोन.
घरी लोणच्याच्या बरण्यांनाही त्यांनी नंबर घातले होते,
आणि आई चिडून म्हणायची,
माझा नंबर कितीचा, तेवढा सांगा.

अठ्ठ्याहत्तरला दिल्लीचा कायदा लागला:
परक्यांचे चाळीस टक्के, साठ आपले.
पेढे वाटले.
कॅन्टीनचा नटुभाई किटली खाली ठेवून म्हणाला,
तो कयो भाग आपणो, काका?
पंखो के शाफ्ट?
सगळे हसले. बाबांनी मात्र
रात्री जेवताना खरंच विचार केला,
आणि म्हणाले, केसिंग असेल. बाहेरचं.

पंधरा वर्षांनी ते साठ टक्के त्यांनी परत विकत घेतले.
त्या वेळी नटुभाई नव्हता, आणि कुणी काही विचारलं नाही.
नंतर कंपनी एका डच कंपनीत गेली,
डच कंपनी एका फंडात,
ज्याला कारखाना नव्हता, फक्त पत्ता होता.
बाबांना पाकीट मिळालं,
दोन महिन्यांनी शेड पाडली,
भोंगा भंगारात बावीस रुपये किलोनं गेला.
आता तिथे सोसायटी आहे. नाव ठेवलंय वेर्नेके ग्रीन्स.
रिक्षावाले अजून वर्णेकरच म्हणतात,
आणि बोअरचा पंप कोइमतूरचा आहे.

आमच्याकडे उरलं ते देवघर.
क्लोपसाहेबाच्या पेटीचं नव्हे, नंतरच्या कुठल्याशा,
पण लाकूड तेच, पाइनचं,
पावसाळ्यात अजून परदेशी वास येतो.
मागच्या फळीवर काळ्या शाईत
ठसठशीत छापलंय ओबेन, आणि शेजारी बाण.
आईला वाटायचं, ते वर्णेकरांच्या कुलदैवताचं नाव असावं.
हळद-कुंकू वाहताना एक बोट तिथेही लावायची.

ओबेन म्हणजे वर. ही बाजू वर ठेवा.
सुतारानं फळी उलटी बसवली आहे.
बाण खाली दाखवतो,
निरांजनाकडे.