खिडक्यांची वजावट

मी, सुलभा इंदापूरकर, वय अठ्ठावन्न,
धंदा बांधकाम ठेकेदारी, राहणार जिवाजीगंज, लष्कर, ग्वाल्हेर,
सत्यप्रतिज्ञेवर सांगते की
हवेला गिलावा केल्याचे पैसे मी दिले.

दोनशे बारा खिडक्या,
थाटीपूरच्या मुलींच्या वसतिगृहाच्या.
चार बाय पाचचं एकेक भोक,
आतून वीस फूट, बाहेरून वीस फूट,
दर अडतीस रुपये.
चालू बिल क्रमांक सहा, खाली माझी सही.
मेचा दुसरा आठवडा, पत्र्याच्या शेडमध्ये वीज गेलेली,
दारात रामसेवक कुशवाह,
त्याच्यामागे चौदा मजूर, पोटल्या बांधून,
गाडीची वेळ झालेली.
"बाईसाहेब, नाप आप देख लो."
मी मापं पाहिली नाहीत, माणसं पाहिली.

हे शेवटचं वाक्य वकिलांनी दाव्यातून काढून टाकलं.

चूक सापडली दिवाळीनंतर,
ऑडिटरकडे नव्याने लागलेल्या मुलीला.
पेन्सिल कानामागे खोचत तिने विचारलं,
"काकू, या इमारतीला खिडक्या नाहीत का?"

तीन लाख बावीस हजार दोनशे चाळीस.
आधी तो म्हणाला, बसून मिटवू.
मग त्याचा फोन बसला.
मग नोटीस परत आली, "घेणार घरी नाही",
आणि पोस्टमनने तोंडी सांगितलं
की स्कूटर मात्र अंगणातच होती.

मग तारखा.
वकिलांचा संप, साहेबांची बदली,
होळी, प्रतिवादीच्या वकिलाची सासू.
चौथ्या वर्षी मी पिंजऱ्यात.
ही सही आपलीच? हो.
कुणी जबरदस्ती केली होती? नाही.
तीस वर्षं आहात ना या धंद्यात?
एकतीस.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं
आणि टंकलेखकाने तेवढं हसू सोडून
बाकी सगळं टाइप केलं.

कोर्टाने कमिशनर नेमला.
तो आला, टेप आणला,
पण टेपचं दुसरं टोक धरायला माणूस आणला नाही.
ते रामसेवकनेच धरलं.
तो आकडा सांगायचा, मी लिहायची,
खोली मागून खोली, जुन्या सवयीने,
मुली खिडकीतले मोजे, आरसे, लोणच्याच्या बरण्या
घाईघाईने आत ओढत होत्या.
एकदा त्याने कडेवरून अंगठा फिरवला,
मी पाहिलं. कड सुतात होती,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
ओळंबा लावून ओढलेली. दोनशे बाराही तशाच.
हे मी लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

निकाल अकरा पानी.
पोकळीची एक बाजू वजा करावी,
दुसरी करू नये,
कारण बगला आणि कडा कुणीतरी केल्याच आहेत,
आणि त्यांचं वेगळं माप कुणीच लावलेलं नाही.
म्हणजे निम्मे. एक लाख एकसष्ट हजार एकशे वीस,
व्याज सहा टक्के.
वकील म्हणाले, अपील करू.
मी म्हटलं, नको.
का, ते त्यांनी विचारलं नाही,
मलाही नीट सांगता आलं नसतं.

बजावणीला आणखी दीड वर्ष.
बेलीफने यादी केली: मिक्सर, स्कूटर, एक कूलर.
थापी, रंधा, ओळंबा यादीत नाहीत,
कारागिराची हत्यारं कायदा उचलू देत नाही.
मिक्सर त्याच्या मेव्हण्याचा निघाला.
शेवटी हप्ते ठरले, महिन्याला पाच हजार.

तिसरा हप्ता तो स्वतः घेऊन आला,
रोख, रुमालात.
मी मोजले. परत मोजले, त्याच्यासमोर,
या वेळी अजिबात न लाजता.
पावती लिहीपर्यंत तो उभाच होता,
माझ्या ऑफिसच्या खिडकीकडे बघत.
"इसकी कोर टूट गई है, बाईसाहेब."

मी पावती फाडून दिली.
म्हटलं, आधी माप दे.