तक्ता क्रमांक सात

चार वर्षं मी प्रभागसभांत मागच्या रांगेत बसले.
मांडीवर वही, मुठीत स्टॉपवॉच:
कोण बोललं, किती सेकंद,
कुणी कुणाला मध्येच तोडलं.
त्याचा प्रबंध झाला, पानं तीनशे बारा.
वाचणारे मोजून पाच. मार्गदर्शक, दोन परीक्षक, मी,
आणि बाइंडिंगवाला, ज्यानं एक पान उलटं शिवलं.
अजून कुणी त्याबद्दल बोललेलं नाही.

मग सातपूरहून हिरामण गांगुर्डेंचा फोन :
'आमच्यावरच लिहिलंय म्हणे. मग आम्हालाच सांगा की, मॅडम.
फर्स्ट शिफ्टवाले साडेसातला येतील. चहा आमचा.'

आदल्या रात्री मी प्रबंध निवडायला घेतला, मेथी घ्यावी तसा.
'सहभागातील विषमता', देठ.
'संस्थात्मक मौन', हाही देठच, जाड.
ताटात उरलं एवढंसं :
काही जणांचं ऐकतात, काही जणांचं नाही.
बघून लाजच वाटली.
यासाठी शिष्यवृत्ती?
हे तर भाजीबाजारात कुणीही
कोथिंबिरीसारखं वरून फुकट दिलं असतं.

डिसेंबर. समाजमंदिराच्या पत्र्यातून थंडी टपकत होती.
मफलर, कानटोप्या, शाली, माणसं तीसेक.
पडदा नव्हता, म्हणून आलेख उमटला
पोलिओच्या जुन्या पोस्टरवर, बाळाच्या गालावर.
पुरुष : दोन मिनिटं चाळीस सेकंद.
बायका : अकरा सेकंद.

कुणी हूं की चूं केलं नाही.
मग दाराजवळून कलावती खैरनार :
'अकरा? लावा बरं ते घड्याळ.'
आणि उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.
'मी कलावती. कामगारनगर. खैरनार मास्तरांची सून,
ते नाहीत आता, तेच ते, पिठाच्या गिरणीशेजारचे...
पाणी येत नाही.'
बारा सेकंद.

'पाण्याला दोनच लागले बघा,' त्या म्हणाल्या,
'बाकीचे मी कोण ते सांगण्यात गेले.
त्यांना कुठं सांगावं लागतं?'

तीनशे बारा पानांत हे वाक्य नाही.
मी शोधत होते तोवर पुढचा प्रश्न आला :
'आणि जी उठली, अन् तशीच खाली बसली,
तिला कुठल्या रकान्यात टाकली?'

तक्ता क्रमांक सात. चार रकाने. पाचवा नाही.
पण वहीच्या समासात, पेन्सिलीनं,
लहान लहान बाण होते, वर जाऊन खाली वळलेले.
माझ्याच हातचे. सभा कंटाळवाणी झाली की
काढत बसले असेन, असं मी समजत होते.
दिव्याखाली आम्ही सहा-सात जणी ते मोजू लागलो.
एकशे नव्वदच्या पुढं गांगुर्डे किल्ली वाजवू लागले.

निघताना कलावतीबाईंनी हात पुढं केला :
'घड्याळ ठेवू का? सतरा तारखेला सभा आहे.'

त्र्यंबक रोडवर, रिक्षात,
माझी मूठ उगाच मिटत होती, उघडत होती.