घट धरून

सेलमच्या पेठेत एकतीस वर्षं मी केर विकत घेतला.
सोनारांच्या दुकानातला केर: चटईखालचा, पायपुसण्यातला,
हात धुतलेल्या बादलीच्या तळाचा गाळ.
पोतंभर राख मुशीत गेली
की वाटाण्याएवढा दाणा निघायचा,
कधी मोहरीएवढा.
तेवढ्यावर तीन पोरं शिकली.

वहीत रोज रात्री एक रकाना: घट.
किती घातलं, किती आलं, मधलं कुठं गेलं.
धुरात गेलं असेल तर धुराडं खरवडायचं,
पाण्यात गेलं असेल तर मोरी उपसायची.
वस्ताद म्हणायचे, सोनं जग सोडून कुठं जात न्हाई,
शोधणारा कंटाळतो.

विट्याच्या वरच्या अंगाला, माळावर,
आता चौदा खोल्यांचं घर आहे माझं.
शेजारी गौहाटीवाल्या तुळशीरामचं सोळा खोल्यांचं.
पलीकडं लुधियानावाले, त्यांच्यात लिफ्ट.
माणसं जत्रेपुरती.

गुरवबाई खानेसुमारीचा कागद घेऊन आल्या.
घरात माणसं? दोन.
खोल्या? चौदा.
संडास? सहा.
पाण्याची सोय?
शेवंतानं माझ्याकडं बघितलं.

पहिलं बोअर दोनशे फुटांना लागलं, लग्नाच्या वर्षी.
दुसरं चारशेला.
तिसऱ्यानं एक उन्हाळा काढला.
चौथं नुसतं फुसफुसतं, म्हाताऱ्या बैलासारखं.

पाचव्याला गाडी आली तिरुचेंगोडची.
चालवणारा मुरुगेसन, माझ्या भट्टीपासून तासाभरावरचा.
मी तमिळमध्ये विचारलं, जेवलास का,
तर त्याचा हात दांड्यावरच थांबला.
मग दोघंही हसलो.
मी त्याच्या मुलखात सोनं शोधत होतो,
तो माझ्या मुलखात पाणी.
म्हणाला, आमच्याकडं बाराशे फुटांवर धूळ आहे, अय्या,
म्हणून तर गाडी घेऊन फिरतो.

रात्रभर चालली.
नऊशे ऐंशीला पाईपातून पीठ येत होतं, पांढुरकं, गरम.
सवयीनं मूठभर घेतलं, बोटांत चोळलं,
तळहातावर हलकं फुंकलं.
जड काही मागं राहतं का, बघितलं.

तेवढ्यात थोरल्याचा फोन. आबा, धंदा वाढला,
दुसरी भट्टी टाकतोय, मधुराईला.
आमच्यात दिवा विझव म्हणत नाहीत, वाढव म्हणतात.
नारळ वाढवतात. बांगडी वाढते.
रात्री दुकान वाढवून घरी यायचो मी.
म्हणून विचारलं, म्हंजी कसा वाढला?
आवाज तुटतोय, म्हणाला.

वाढते, या, म्हणाली शेवंता.
ओसरीवर नऊ पानं, गाडीवरची सगळी पोरं,
आणि आत दोन घागरी.
पहिला तांब्या हातावर,
हातावरचं पाणी खाली घमेल्यात,
घमेल्यातलं संध्याकाळी जास्वंदीला.
डाळ धुतलेलं म्हशीला.
प्रत्येकाला पोटभर, आणि घागर कलती.
तिला वही ठाऊक नाही.
एकतीस वर्षांत माझी घट
इतकी कमी कधीच आली नाही.

सकाळी फुटावर हिशेब झाला, कोरड्याचे पैसे तेवढेच.
मुरुगेसन गेला, आटपाडीला म्हणे, एका रात्रीत तीन.
मागं धूळ: लिफ्टवाल्यांच्या काचांवर,
तुळशीरामच्या सिंहांवर,
आमच्या संगमरवरी पायऱ्यांवर बोटभर.

शेवंतानं खराटा घेतला.
थांब, म्हणलं, केर टाकू नको.
ह्यात काय हाय? ती म्हणाली.
मला सांगता येईना. पोतं तेवढं धरलं.

आदी पाणी शिपडते, म्हणाली, न्हाईतर उडंल,
आणि घमेल्याकडं गेली.
तिथंच उभी राहिली,
हात पाण्यात न घालता.