थकबाकी

मुलाखत घेणारी मुलगी विचारते, "प्रेरणा काय होती?"
मी ठरलेलं सांगते. शिक्षण, संस्कार, समाजाचं देणं.
ती लिहून घेते.

खरं तर होतं एक वीजबिल.
ऐरोली, सेक्टर आठ, चौथा मजला, माझं नाव.
त्यात गुंडाळून मी फुटका ग्लास टाकला होता,
ओल्यात की सुक्यात, तेही न बघता.
तिसऱ्या दिवशी कौतिकाबाई जिना चढून आली,
लिफ्टला हात न लावता.
वाटलं, भांडायला आली.
"कामाचा कागद असंल, म्हनून आनला."
बोटाला चिंधी.
बिलावर डाग, बरोबर तिथे, जिथे छापलं होतं
मागील थकबाकी : शून्य.

मी तिला पाणी दिलं.
कुठल्या पेल्यात द्यावं, याचा क्षणभर विचार केला.
हे कुठल्याच मुलाखतीत सांगितलेलं नाही.

पुढचं त्यामानाने सोपं. रबाळ्याचा गाळा, दोन मशिनी,
बँकेच्या साहेबाचं "मॅडम, नफा कुठाय यात?"
पहिले दोनशे हातमोजे तुर्भ्याच्या बायांनी परत केले.
"बोटास्नी प्लास्टिक वळखू येईना, ताई,
कडक कुठलं, मऊ कुठलं. भाव निम्मा पडतो."
आता टोकं पातळ शिवतो, तळवा जाड.
माल कौतिकाबाई तपासते.
नापास करताना तिला भारी मजा येते.

मुलगी वही मिटते, चहा पिते.
ड्रॉवरमध्ये ते बिल आहे अजून, डाग तपकिरी झालाय.
भरलं होतं की नाही,
खरंच आठवत नाही.